फिरवायचं बटण परत द्या

घरात चांगली ध्वनियंत्रणा जमवण्याचा नाद कसा लागतो, याची एक ठरलेली गोष्ट पुण्या-मुंबईच्या लेखांतून वाचायला मिळते. वडिलांकडे एलपी तबकड्यांचा संग्रह असतो. रविवारी सकाळी भीमसेन नाहीतर किशोरीताई लागतात. तबकडी हाताळायची परवानगी मुलाला मोठ्या मिनतवारीने मिळते, आणि पुढे तो मुलगा अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, सुया यांवर पगार उधळत राहतो. गोष्ट खरीच असेल. पण ती घरात आधीपासून चांगलं काहीतरी असलेल्यांची आहे. मला हा नाद लागला तो घुग्घुसला, खाणीच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. घरातला टू-इन-वन बऱ्यापैकी वाईट होता आणि त्याच्या एका बटणावरून आईबाबांची रोज वादावादी व्हायची. आवाज बदलता येतो, आणि तो आपल्या हाताने बदलता येतो, हे एकदा कळलं की माणूस कामातून गेला. आज दुकानात मिळणाऱ्या यंत्रांतून हे कळायची सोयच काढून टाकली आहे, अशी माझी तक्रार आहे.

घुग्घुस ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंद्रपूरच्या पश्चिमेला, वर्धा नदीच्या अलीकडे हे गाव. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका लागतो. दोन्ही अंगांना कोळसा, जवळ सिमेंटचा कारखाना, नंतर आलेला स्पाँज आयर्नचा. वसाहतीत मराठी, तेलुगू, छत्तीसगढी अशी घरं आणि सगळ्यांची मिळून एक हिंदी. दुपारी खाणीत सुरुंग उडायचे. आधी भोंगा व्हायचा, मग काही क्षण नुसतीच वाट पाहणं, मग जमिनीतून एक धक्का यायचा आणि फळीवरची भांडी वाजायची. एका साहेबांच्या बंगल्यात रेकॉर्ड प्लेअर होता. भोंगा झाला की ते उठून सुई उचलून ठेवत आणि धक्का बसून गेला की परत ठेवत, असं त्यांच्याकडे कामाला जाणाऱ्या मावशी सांगायच्या. आम्हा पोरांना ते फार ऐटीचं वाटायचं.

बाकी सगळ्यांकडे कॅसेट. फिलिप्स कंपनीच्या लू ऑटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ती आणली तेव्हा खिशात मावणारं, कुठेही नेता येणारं यंत्र एवढाच हेतू होता. संगीताच्या दर्जाचा आग्रह नंतरचा. पण आमच्यासारख्या गावाला ती मानवली. सुरुंगाने ती उडत नाही, पडली तरी फुटत नाही, आणि महाकालीच्या यात्रेत किंवा चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात भरणाऱ्या मेळ्यात ती ढिगाने मिळते. वैरी दोनच. एक मे महिन्यातलं ऊन, कारण पारा ४५ च्या पुढे गेला की खिडकीत राहिलेली कॅसेट वाकडी झालीच म्हणून समजा. दुसरी कोळशाची भुकटी. ती हेडवर बसली की गाणं घोंगडीखालून आल्यासारखं येई. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून हेड पुसायचा, हे माझं घरातलं पहिलं तांत्रिक खातं. कापूस काळा निघाला की फार समाधान वाटे.

बाबा खाणीत ड्रिलवर होते. सुरुंगासाठी भोकं पाडणारं ते धूड दिवसभर त्यांच्या कानाशी. बोनसच्या पैशांतून नागपूरला सीताबर्डीवर जाऊन त्यांनी तो टू-इन-वन आणला. त्याला फिरवायची तीन बटणं होती: आवाज, बास आणि ट्रेबल. बाबांना तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं लागत. पाळीवरून आले, अंघोळ झाली की कॅसेट टाकायचे आणि ट्रेबल उजवीकडे शेवटपर्यंत पिळायचे. आवाज असा काही धारदार व्हायचा की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अवो, कमी करा न थे! दात आंबते माये.”

“मले खंजिरीच आयकू नाही येत, त काय करू?”

“पूर्ण वसाहतीले आयकू येऊन रायली.”

बाबा रात्रपाळीला गेले की रेडिओ आईचा. दहा वाजता विविध भारतीवर छायागीत लागे. आई आवाज अगदी बारीक करायची आणि ट्रेबल डावीकडे पार मिटवून टाकायची. त्यामुळे सकाळी उठल्यावर ते बटण कुठे आहे हे पाहिलं की आदल्या रात्री घरात कोण होतं ते कळे. माझं सगळं कुतूहल तिथून सुरू झालं. यंत्र तेच, गाणंही कधीकधी तेच. मग एकाला जो आवाज बरोबर वाटतो तो दुसऱ्याला सोसवत का नाही? दोघांपैकी कोणाचं चुकत होतं?

कोणाचंच नाही, हे कळायला मला भौतिकशास्त्र शिकून नंतर ते कनिष्ठ महाविद्यालयात शिकवावं लागलं. मोठ्या आवाजाने कान जातो तो सगळ्या सुरांना सारखा जात नाही. आधी झिजतो तो साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा. ढोल, डंपरची घरघर, बोलण्याचा मूळ आवाज हे सगळं ऐकू येत राहतं. ‘स’, ‘श’, ‘ट’ मात्र कुठेतरी सांडतात. खंजिरीवरची थाप बाबांना ऐकू येत होती. तिच्या कडेच्या पितळी चकत्यांची किणकिण येत नव्हती, आणि ती किणकिणच तर खंजिरीचा जीव. ट्रेबलचं बटण पिळून ते कानाने गमावलेलं परत मागत होते. आईचंही बरोबर होतं. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचंच अंतर असतं, त्यामुळे त्या रेडिओतून खरा वरचा स्वर फारसा येतच नाही. ट्रेबल वाढवलं तर गाण्याऐवजी खरखर वाढते. तिने कुठलंही पुस्तक न वाचता बटण जिथे हवं तिथेच ठेवलं होतं.

बाजारात एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथले भाऊ मला बसू द्यायचे, पण हात बांधून. “पोट्ट्या, मंधात हात नको घालू, कंडेन्सरमंधी करंट राह्यते,” हे वाक्य मी तिथे रोज ऐकलं असेल. आमचं ट्रेबलचं बटण फिरवून फिरवून खरखरायला लागलं तेव्हा त्यांनी ते खोलून माझ्यासमोर धरलं. आत घोड्याच्या नालाच्या आकाराची एक काळी पट्टी आणि तिच्यावर सरकणारी पत्र्याची जीभ. “हे काय हाय?” मी विचारलं. “कार्बन.” बाबा ज्याच्यासाठी जमिनीला भोकं पाडत होते त्याच मूलद्रव्याचा पातळ लेप आमच्या बटणात होता. तेव्हा मला हे मूलद्रव्य वगैरे ठाऊक नव्हतं. काळं आहे म्हणजे आपल्याकडचंच असणार, एवढं मात्र वाटलं.

त्या पट्टीच्या मागे ज्या दोन-चार कंडेन्सर-रेझिस्टरांची मांडणी असते, तिचा इतिहास मला फार आवडतो. पीटर बॅक्सँडल नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती १९५२ च्या ऑक्टोबरात ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापली. बास आणि ट्रेबल वेगवेगळे वाढवायचे-घटवायचे आणि मधला भाग जागच्या जागी ठेवायचा, अशी ती युक्ती. मासिकात उघड आराखडा दिलेला, वाचेल त्याने घ्यावा. जगभरच्या कारखान्यांनी तो घेतला, आणि त्याची भावंडं कुठल्या कुठल्या टू-इन-वनमधून आमच्यासारख्या वसाहतींपर्यंत येऊन पोचली. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. एकाच वर्षी गाणीही आली आणि ती आपल्या कानाजोगी करून घ्यायची सोयही.

आमच्या क्वार्टरची एक भिंत शेजारच्या काकांच्या घराची होती. ते वरंगलकडचे. त्यांना बास लागे. इलयाराजाच्या गाण्यांतलं बास गिटार भिंतीतून आमच्याकडे यायचं. नुसतं तेवढंच यायचं. गाणारा बाई आहे की पुरुष ते समजायचं नाही. खर्ज भिंत ओलांडतो आणि वरचे स्वर भिंतीपाशीच थांबतात, हा धडा मी त्या भिंतीला पाठ टेकून बसलो असताना शिकलो. एकदा काकांच्या घरी गेलो तर कोपऱ्यात पाण्याचा माठ, आणि माठाच्या तोंडावर झाकणासारखा, वर तोंड करून, एक स्पीकर बसवलेला. कडेने कणीक लावून फट बुजवलेली. मी बघतच राहिलो. त्यांनी आधी तो स्पीकर हातात उचलून वाजवला, चिरका आवाज. मग माठावर ठेवला आणि खोलीत कोणी दुसरंच माणूस आल्यासारखा आवाज भरला.

का, हे काकांना सांगता आलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही. कारण असं की स्पीकरचा पडदा पुढे जसा आवाज ढकलतो तसा मागेही, पण उलटा. दोन्ही उघड्यावर भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सर्वांत जास्त खाल्ला जातो तो खर्ज. माठाने मागचा आवाज कोंडला. शिवाय माठ गोल, जड, समोरासमोर भिंती नसलेला. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या हॅरी ऑल्सन यांनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांत एकच स्पीकर बसवून मोजमापं घेतली होती. घन, शंकू, लांबोडं खोकं असं सगळं करून पाहिल्यावर आवाजात सर्वांत कमी चढउतार त्यांना गोलात दिसले. चौकोनी खोकं वाईटांपैकी निघालं, आणि तरी जग चौकोनी खोकीच बनवत राहिलं, कारण ती रचायला सोपी. भद्रावतीला ग्रामोदय संघाने कुंभारकामाची एवढी परंपरा उभी केली. तिथली चाकावरची माती आणि घुग्घुसचे जुने स्पीकर यांची कोणी गाठ घालून दिली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मी पुढे भद्रावतीचेच दोन माठ आणून स्वतःचे स्पीकर केले. ते आजही बैठकीत आहेत. पाहुण्यांना वाटतं कुंड्या आहेत, झाडं मेली असतील.

अकरावीत असताना पहिला अ‍ॅम्प्लिफायर जोडला. अर्थात ४४४० आयसीचा. ज्यांनी त्या काळी हातात सोल्डरिंगची कांडी धरली त्यांना वेगळं सांगायला नको. सान्यो कंपनीचा हा चौदा पायांचा तुकडा मुळात मोटारीतल्या टेपसाठी केलेला, म्हणून १२ व्होल्टवर चालणारा. दोन बाजूंना सहा-सहा वॅट, किंवा दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर एकोणीस. मोटारीसाठी केलेली ही वस्तू आमच्या भागात घराघरांत, पानठेल्यांत, ट्रॅक्टरवर, सगळीकडे वाजली, त्याचं एक कारण वीज होती. कोळसा इथला, औष्णिक केंद्र पलीकडे दुर्गापूरला, आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट, आणि भारनियमन मात्र आमच्याही वाट्याला. वीज गेली की ट्रान्सफॉर्मरची वायर काढून बॅटरीला लावायची. सगळी वसाहत अंधारात आणि आमच्याकडे भजन चालू. बाबांचे दोस्त त्या वेळेला येऊन ओट्यावर बसायचे. त्यांतले बहुतेक ट्रेबल वाढवायला सांगायचे. आता त्याचा अर्थ कळतो.

मामाचं गाव सिंदेवाही तालुक्यात, म्हणजे खास झाडीपट्टीत. दिवाळीनंतर तिथे रात्ररात्र नाटकं. शहरातल्या लोकांना झाडीपट्टी रंगभूमी आता परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यामुळे थोडीफार ठाऊक झाली, पण तिथल्या आवाजाबद्दल कोणी लिहीत नाही. रंगमंचावर वरून लोंबणारे माईक, समोर ऑर्गन आणि तबला, बाजूला अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, झाडाला बांधलेले भोंगे. हजारो माणसं, बाया, पोरं, थंडीत घोंगड्या घेऊन बसलेली, आणि शेवटच्या माणसापर्यंत संवाद पोचला पाहिजे. भोंग्यात खर्ज जवळपास नसतोच. मधला आवाज तेवढा दूरवर फेकायचा, हे त्याचं काम. घरच्या स्पीकरच्या हिशेबाने तो आवाज भिकार. त्या मैदानात मात्र त्याहून योग्य काहीच नाही. माईक सांभाळणारा पोरगा नट कुठून कुठे चालला आहे ते पाहून एकेक माईक चढवत-उतरवत होता. अख्ख्या नाटकातलं मला दुसरं काही आठवत नाही, त्याची बोटं आठवतात. बाबा ऑर्गनला लागून अगदी पुढे बसले होते आणि त्या रात्री त्यांनी ‘काय म्हनला गा?’ असं एकदाही विचारलं नाही.

हा सगळा पसारा मांडला तो एवढ्यासाठी की यात चांगलं यंत्र एकही नाही. टू-इन-वन वाईट, भोंगा वाईट, ४४४० तर शास्त्रोक्त मंडळींच्या दृष्टीने हसण्याचा विषय. पण प्रत्येकाला एक फिरवायचं बटण होतं किंवा खोलायचा स्क्रू होता किंवा कणीक लावायची फट होती. अमर बोस यांचंही असंच. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरात चणचण, तेव्हा फिलाडेल्फियात शाळकरी अमर रेडिओ दुरुस्त करून हातभार लावत होता. पुढे एमआयटीत असताना १९५६ मध्ये त्याने कागदावर उत्तम दिसणारी ध्वनियंत्रणा विकत घेतली आणि ती ऐकून त्याची निराशा झाली. सभागृहात ऐकलेलं व्हायोलिन तिच्यात नव्हतं. त्या निराशेतून त्याने ध्वनीचा अभ्यास सुरू केला आणि १९६४ मध्ये कंपनी काढली. त्या कंपनीचे स्पीकर आवडोत न आवडोत, ते भूतदेखील दुरुस्तीच्या टेबलावरच मानगुटीवर बसलं होतं.

आता आजचं घर पाहू. माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक घरात एक ब्लूटूथ स्पीकर आहे. खरं सांगायचं तर दीड-दोन हजारांचा हा डबा आमच्या टू-इन-वनपेक्षा शंभर पट बरा वाजतो. मला जुन्या काळचं कौतुक सांगायचं नाही. पण तो डबा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहा. स्क्रू नाही, सगळं गोंदाने चिकटवलेलं. बास-ट्रेबल नाही. आवाज कमी-जास्त करायचे दोन रबरी ठिपके. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि मग चांगला स्पीकर, चांगला अ‍ॅम्प्लिफायर यांच्यासकट सगळा डबा भंगारवाल्याच्या तराजूवर. दुरुस्तीचं दुकान म्हणतं, खोलला तर बसणार नाही. बरोबर आहे त्यांचं.

तरुण मंडळी सांगतात, सर, इक्वलायझर अ‍ॅपमध्ये असतो. असतो, मी पाहिला आहे, बॅक्सँडलला हेवा वाटेल इतका बारीक असतो. पण तो ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याचा. आमचं ट्रेबलचं बटण घराच्या मधोमध होतं. कोणी कुठे फिरवलं ते सगळ्यांना दिसे, त्यावरून भांडता येई, आणि भांडणातूनच समोरच्याला काय ऐकू येतं याचा पत्ता लागे. आता जो तो इयरफोन घालून आपल्यापुरता आवाज लावून बसतो. बारा ते पस्तीस वयातल्या १०० कोटींहून अधिक लोकांच्या कानांना मोठ्याने ऐकण्याच्या सवयीमुळे धोका आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या वर जाऊ नका, हा तिचाच हिशेब. बाबांचे कान जायला ड्रिल लागलं होतं.

आणि डीजेचं काय, असं कोणीतरी विचारणारच. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मिरवणुकीत छातीची पेटी हलवणाऱ्या त्या भिंतींपुढे दोन्ही आकडे मुकाट उभे असतात. मला तो प्रकार नादाचा भाग वाटत नाही. नादिष्ट माणूस बटण दोन्हीकडे फिरवून पाहतो. या लोकांना एकच दिशा माहीत आहे. उलट टोकाला शहरातली काही नादिष्ट मंडळी वायरीवर लाख रुपये घालतात, तेही मला तितकंच अजब वाटतं. वायर लाखाची आणि खोलीत पडदा नाही, सतरंजी नाही, भिंती कोऱ्या! आधी चार जाड सतरंज्या टाका, मग वायरीचं बोला.

काही वर्षांपूर्वी बाबांच्या कानांची तपासणी नागपूरला केली. तंत्रज्ञाने आलेख हातात दिला. डावीकडून सपाट येणारी रेघ ४००० पाशी दरीत कोसळलेली. आमच्या घरातल्या इतक्या वर्षांच्या वादाचं ते चित्र होतं. श्रवणयंत्र घेतलं, नखाएवढं, पण आत माईक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, पट्ट्यापट्ट्यांनी आवाज कमी-जास्त करायची सोय, सगळं. म्हणजे घरातली सर्वांत छोटी आणि सर्वांत महाग ध्वनियंत्रणा. बाबांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि तंत्रज्ञाला विचारलं, “याले बटन कुठी हाय?” सेटिंग संगणकावरून करावं लागतं, बदलायचं तर इथे यावं लागेल, असं उत्तर मिळालं. घुग्घुसहून नागपूर, ट्रेबल दोन घरं वाढवायला. मग बाबा ते यंत्र लग्नकार्यापुरतं घालायचे. भजनाच्या वेळी काढून ठेवायचे आणि माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर लावायला सांगायचे. त्याचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली होतं.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. चांगली गोष्ट आहे. पण कंपनीचं सेवाकेंद्र कुठे आहे हे कळणं वेगळं आणि घरातल्या पोराला झाकण काढता येणं वेगळं. अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून हजारो शाळांत आल्या. तिथे थ्रीडी प्रिंटर आहेत, रोबो आहेत, नवीकोरी किट आहेत. माझी विनंती अशी की प्रत्येक लॅबमध्ये एक टेबल बंद पडलेल्या वस्तूंचं ठेवा. जुने टेप, मोटारीतले डेक, फाटलेले स्पीकर. सगळं १२ व्होल्टवर चालणारं, म्हणजे कोणाला शॉक बसायची भीती नाही. शिकवायला गावातल्या दुरुस्तीवाल्या भाऊंना बोलवा आणि त्यांना तासिकेचं मानधन द्या. ती माणसं आता साठीच्या पुढे आहेत, दुकानं मोबाइलच्या कव्हरांची झाली आहेत. आणि दिवाळीच्या आवराआवरीत निघालेला डेक किलोवर विकण्याआधी शाळेत एक फोन करा.

कंपन्यांकडेही माझं फार मोठं मागणं नाही. डब्याला मागे चार साधे स्क्रू द्या. बॅटरी सुटी निघेल अशी बसवा. पुढे बास आणि ट्रेबलची दोन बटणं, बोटांनी धरून फिरवता येतील एवढी जाड. झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचा आराखडा छापून चिकटवा, जुन्या यंत्रांत कधीकधी असायचा तसा. याने किंमत थोडी वाढेल, आवाजात कदाचित उन्नीस-बीस फरक पडेल, डबा दिसायला थोडा जाडजूड होईल. मी तरी तोच घेईन. आणि एक शेजारच्या घरीही नेऊन देईन. त्यांची नात आठवीत आहे आणि तिचे आजोबा तीस वर्षं खाणीत शॉवेलवर होते.